शेजारधर्माचा हिशेब

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे ताटांची जी ये-जा चालते, तिचा एक अलिखित कायदा आहे. शेजारच्या घरून फराळाचे ताट आले, की ते रिकामे परत पाठवावयाचे नाही. घरात काहीच नसले, तर निदान चमचाभर साखर तरी त्यावर ठेवावयाची. आमच्या घरी या कायद्याची अंमलबजावणी सौभाग्यवतींकडे असते. कोणाकडून किती करंज्या आल्या आणि आपण किती पाठवल्या, हा हिशेब त्यांच्या तोंडपाठ असतो. आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीला तसा हिशेब कधी जमलेला मी पाहिला नाही.

परंतु वाचकहो, शेजाऱ्याची खरी परीक्षा फराळाच्या ताटाने होत नाही. ती रात्री दोन वाजता होते. चार वर्षांपूर्वी अशाच एका रात्री माझ्या वडिलांच्या छातीत जोराची कळ आली. त्या दिवसांत आमचे आणि पलीकडच्या गृहस्थांचे बोलणे नव्हते. कारण म्हणाल तर आमच्या नारळाच्या झावळ्या. त्या त्यांच्या अंगणात पडत. मोटार मात्र त्यांच्याचकडे होती. मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो आणि हाक मारावी की मारू नये, या विचारात पडलो. तो विचार फार तर दहा-पंधरा सेकंदांचा असेल. पण आजही आठवला की मला माझी लाज वाटते. शेवटी हाक मारली. गृहस्थ बनियनवरच बाहेर आले आणि एक शब्द न बोलता त्यांनी मोटार काढली. वडील वाचले. झावळ्यांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

ती दहा-पंधरा सेकंदे मला परवा पुन्हा आठवली, युरोपातल्या एका डोंगरी रुग्णालयाची हकीकत वाचताना. दोन माणसांमध्ये कुंपण असले तर हाक मारायला इतका वेळ लागतो. मग दोन देशांमध्ये किती लागत असेल?

फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधोमध पिरेनीज पर्वत उभा आहे, हे आपण शाळेत शिकलो. त्या पर्वतात समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर सर्दान्या नावाचे एक रुंद, सपाट खोरे आहे. एकच खोरे, एकच बर्फ, आणि पिढ्यान्‌पिढ्या कॅटलान ही एकच बोली. पण ७ नोव्हेंबर १६५९ रोजी दोन्ही राजांच्या प्रधानांनी पिरेनीजचा तह केला आणि सीमारेषा नेमकी या खोऱ्यातून गेली. पुढच्याच वर्षी ठरले, की खोऱ्यातली तेहतीस खेडी फ्रान्सला द्यावयाची. तेव्हा ल्यिव्हिया नावाचे गाव अडून बसले. करारात शब्द 'खेडी' असा आहे. आम्हांला तर 'नगर' म्हणून राजाची सनद आहे, आम्ही खेडे कसे? हा युक्तिवाद मान्य झाला. म्हणून आजही ल्यिव्हिया चारी बाजूंनी फ्रान्सने वेढलेले असून स्पेनचे आहे. शब्दाचा अर्थ नीट पाहावा, असे मी वर्गात घसा कोरडा करून सांगत असतो. एका शब्दावर अख्खे गाव देश राखून राहिले, याहून चांगले उदाहरण मला मिळणार नाही.

याच ल्यिव्हियात युरोपातल्या अतिशय जुन्या औषधी दुकानांपैकी एक होते. त्याच्या रंगीत पेट्या आणि बरण्या आता तिथल्या संग्रहालयात मांडून ठेवल्या आहेत. म्हणजे औषध होते. नव्हते ते जवळचे पुरेसे रुग्णालय.

स्पेनच्या बाजूला पुच्सर्दा हे खोऱ्यातले मुख्य शहर. तिथे एक लहानसे जुने रुग्णालय होते. फ्रान्सच्या बाजूला हवापालटाची आरोग्यधामे होती. परंतु बाईला कळा सुरू झाल्या, किंवा कुणाचे आंत्रपुच्छ सुजले, तर फ्रेंच माणसाला गाठावे लागे पर्पिन्याँ. ते सुमारे शंभर किलोमीटरांवर. वाट घाटाची, आणि हिवाळ्यात बर्फाची. पुच्सर्दा मात्र सीमेवरच्या फ्रेंच गावापासून पायी जाण्याइतके जवळ. अडलेल्या बाईला समोर दिवे दिसत असलेले शहर सोडून घाट उतरावा लागे, कारण ते दिवे दुसऱ्या देशाचे होते.

मग एकट्या फ्रान्सनेच आपल्या बाजूला मोठे रुग्णालय का बांधले नाही? किंवा स्पेनने? त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. दोन्ही बाजूंची वस्ती मिळून तीस हजारांच्या आसपास. बर्फावर घसरण्याच्या मोसमात आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती कित्येक पटींनी फुगते आणि मोडलेल्या हाडांची संख्याही त्याच मानाने वाढते. पण बारमाही पाहिले तर निम्म्या खोऱ्यासाठी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि क्ष-किरणांची यंत्रे ठेवणे कोणालाच परवडत नव्हते. अर्ध्या खोऱ्याला जे जमत नाही ते पुऱ्या खोऱ्याला जमते. म्हणून दोघांनी मिळून एकच रुग्णालय बांधावे, असे ठरले.

ठरले, हे मी एका शब्दात लिहिले. पण त्याला दहा-बारा वर्षे लागली. बांधकाम त्या मानाने सोपे होते. सुमारे ३ कोटी १० लाख युरो खर्च आला आणि त्यातला ६० टक्के भाग युरोपीय संघाच्या प्रादेशिक विकास निधीने दिला. दोन देशांच्या सार्वजनिक संस्थांना एकत्र येऊन एकच संस्था काढता यावी, असा कायदा युरोपीय संघाने २००६ साली केला होता. त्याखाली २०१० मध्ये या रुग्णालयाची संस्था स्थापन झाली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये पुच्सर्दात चौसष्ट खाटांचे रुग्णालय उघडले. दोन देशांनी मिळून उभारलेले आणि मिळून चालवलेले असे हे युरोपातले पहिलेच. चालू खर्चाचे ६० टक्के कॅटलोनियाने द्यावयाचे, ४० टक्के फ्रान्सने. करंज्यांचा हिशेब असा आधीच कागदावर आलेला बरा असतो.

खरी कसोटी पुढे होती. फ्रान्सची पदवी घेतलेल्या डॉक्टरने स्पेनमध्ये शस्त्र हाती धरावयाचे, तर त्याची नोंदणी कोणत्या वैद्यक मंडळाकडे? रुग्णवाहिका सीमा ओलांडून आली. तिच्या पेटीतले मॉर्फिन हे औषध समजावयाचे की दुसऱ्या देशात चोरून आणलेला अमली पदार्थ? घरी सोडताना दिलेला कागद रोग्याच्या गावच्या डॉक्टरला वाचता आला पाहिजे. मग तो कोणत्या भाषेत लिहावयाचा?

हा भाषेचा प्रश्न मला, माझ्या धंद्यामुळे म्हणा, सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. आपल्याच भाषेत पाहा. दुखते ते कसे दुखते, हे सांगायला आपल्याकडे कळ आहे, ठणका आहे, सणक आहे, चमक आहे, ठसठस आहे, मुरडा आहे. डॉक्टर नाडी पाहण्याआधी हा शब्द ऐकतो आणि अर्धे निदान तिथेच करतो. माणूस दुकानात परक्या भाषेत बोलेल, कचेरीत बोलेल. पण पोटात कळ उठली की तो आईच्या भाषेतच विव्हळतो. पुच्सर्दाच्या रुग्णालयात कॅटलान, स्पॅनिश आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत काम चालते, हे वाचून मला त्या चौसष्ट खाटांपेक्षाही अधिक समाधान वाटले.

आणि मग जन्म आणि मृत्यू. फ्रेंच आईबापांचे मूल पुच्सर्दात जन्मले, तर ते कायद्याने स्पेनमध्ये जन्मले. घर चार मैलांवर असले तरी नोंद आधी स्पेनच्या दप्तरात आणि मग बार्सेलोनाच्या फ्रेंच वकिलातीमार्फत फ्रान्सच्या. बारशाच्या घुगऱ्या निवल्या तरी कागद येत नाही, अशी अवस्था. मृत्यूचे दुःख तर याहून मोठे. म्हातारा फ्रेंच शेतकरी इथे वारला, तर त्याला पलीकडच्या गावी नेणे म्हणजे कागदोपत्री परदेशातून पार्थिव आणणे. ज्या रस्त्याने जिवंतपणी तो बाजाराला जाई, त्याच रस्त्याने मेल्यावर जायला परवाना हवा. २०१७ मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांनी खुश्कीच्या मार्गाने पार्थिव नेण्यासंबंधी स्वतंत्र करार केला. या कराराची बातमी कोणी पहिल्या पानावर छापली नसेल. मला मात्र तो मोठमोठ्या मैत्रीच्या जाहीरनाम्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट घर आणि त्या घरासमोर वाट पाहणारी माणसे असली पाहिजेत.

सर्दान्या हे एकच उदाहरण नव्हे. ऑस्ट्रियातले ग्म्युंड हे शहर पहिल्या महायुद्धानंतर तुटले. आगगाडीचे स्टेशन असलेला भाग चेकोस्लोव्हाकियात गेला आणि चेस्के वेलेनित्से झाला. पुढे चाळीस वर्षे तिथे काटेरी तारा होत्या. ऑस्ट्रियाचे रुग्णालय सीमेला लागून उभे. चेक रोगी मात्र साठेक किलोमीटरांवरच्या मोठ्या शहरी जात. २०१३ मध्ये प्रयोग म्हणून त्या चेक रोग्यांना ग्म्युंडचे दार उघडण्यात आले, आणि प्रयोग टिकला. बेल्जम आणि फ्रान्स यांनी तर सीमेलगतचे पट्टेच आखून दिले आहेत; त्या पट्ट्यातल्या माणसाने पलीकडे जाऊन उपचार घ्यावेत, विमासंस्था आपापसांत हिशेब पाहतील.

कधी एका चष्म्यानेही काम होते. लक्झेंबर्गच्या एका गृहस्थाने सीमेपलीकडे बेल्जमात चष्मा घेतला आणि पैसे आपल्या विमासंस्थेकडे मागितले. आधी परवानगी का घेतली नाही, म्हणून संस्थेने ते नाकारले. गृहस्थ चिवट, भांडण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि २८ एप्रिल १९९८ रोजी त्यांच्या बाजूने निकाल लागला. त्याच दिवशी एका मुलीच्या वेड्यावाकड्या दातांवरील उपचारांचाही तसाच निकाल लागला. २०११ मध्ये युरोपीय संघाने सीमेपलीकडच्या उपचारांविषयी रोग्यांच्या हक्कांचा जो कायदा केला, त्याची मुळे या चष्म्यात आणि त्या दातांत आहेत.

तिकडे सगळे गुळपीठच आहे, असे मात्र कोणी समजू नये. सीमेपलीकडच्या उपचारांवर होणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अगदी थोडा. कारण माणसाला आजारपण आपल्या माणसांतच काढावेसे वाटते. आणि संकट आले की कुंपणे पुन्हा उभी राहतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत जर्मनीने फ्रान्सच्या सीमेवर पहारा बसवला; रोज पलीकडे कामाला जाणारी माणसे अडकली. परंतु त्याच महिन्यात आल्सासची रुग्णालये ओसंडून वाहू लागली, तेव्हा तिथल्या अत्यवस्थ रोग्यांना जर्मनीने, लक्झेंबर्गने आणि स्वित्झर्लंडनेही आपल्या खाटा दिल्या. एकीकडे फाटक बंद आणि त्याच फाटकावरून हेलिकॉप्टर रोगी घेऊन चाललेले. शेजार म्हणजे असाच असतो. झावळ्यांचे भांडणही खरे आणि रात्री काढलेली मोटारही खरी.

आपल्याला हे सगळे दूरदेशीचे वाटेल. पण सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या माणसाला विचारा. त्याच्या घरी दुखणे वाढले की पाय आपोआप गोव्याच्या बांबोळीकडे वळतात. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारने परराज्यातल्या रोग्यांकडून शुल्क घ्यावयास आरंभ केला, तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले. गोव्याचे म्हणणे, आमच्या करदात्यांच्या पैशातून किती दिवस? इकडच्यांचे म्हणणे, जवळचे दार सोडून दूर कुठे जावे? दोघांचेही खरे. म्हणूनच हा प्रश्न रोग्याने खाटेवर पडल्या-पडल्या सोडवावयाचा नसतो. तो शहाण्या माणसांनी आधी बसून सोडवावयाचा असतो.

सर्दान्याने मला शिकवले ते एवढेच. आपत्काळी मदत करावी, हे कोणाला शिकवावे लागत नाही. ते आमच्या शेजाऱ्यालाही ठाऊक होते. पण मदतीची किंमत कोण देणार, कागद कोणत्या भाषेत लिहावयाचा, किल्ली कोठे आहे, हे रात्री दोन वाजता ठरवता येत नाही. ते दिवसाउजेडी, डोकी शांत असताना ठरवावे लागते. त्या क्षुल्लक गोष्टी ठरवायला दोन देशांना दहा-बारा वर्षे लागली. आम्ही दोन घरे तर चार वर्षांत एकदाही त्यावर बोललो नव्हतो.

या दिवाळीत सौभाग्यवतींनी पलीकडे ताट पाठवले, तेव्हा चकल्यांच्या शेजारी मी एक चिठ्ठी ठेवली. वडिलांच्या गोळ्यांची नावे, त्यांच्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक, आमच्या घराची जादा किल्ली कुठे असते ते, आणि तुमच्याकडे असे काही असल्यास आम्हांलाही कळवावे, अशी विनंती. पाठवल्यावर वाटले, सणासुदीला दुखण्याचा विषय काढला, हे त्यांना रुचेल की नाही?

संध्याकाळी ताट परत आले. त्यात अनारसे होते आणि घडी घातलेला एक कागद होता. त्यांच्या पत्नीला पेनिसिलीन चालत नाही, हे इतक्या वर्षांत मला प्रथमच कळले. खाली एक ओळ होती: झावळ्यांचे दिवाळीनंतर पाहू.