चुकलेल्या भाकिताचा हिशेब

नव्वदच्या दशकात मी नाचणगाव परिसरातल्या एका बँक शाखेत अधिकारी होतो. एक ट्रकचालक वारला आणि त्याची बायको खात्यातली शिल्लक काढायला आली. त्याला 'ती बिमारी' होती, असे गावात बोलले जाई. तिने पुढे केलेला मृत्यूचा दाखला कारकुनाने हातात घेतला नाही. टेबलावर ठेवायला सांगितला. मी पाहत होतो आणि गप्प राहिलो. पुढे कादंबऱ्यांत बरीच माणसे रंगवली. ती बाई मात्र लिहिता आली नाही.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे साथीचे गणित मला चक्रवाढ व्याजासारखे दिसते. लागण झालेला एक माणूस सरासरी किती जणांना लागण देतो, हा त्यातला दर. तो एकाहून जास्त असेल तर मुद्दल फुगते, कमी असेल तर आटते. आजची मुद्दल आणि दर धरून शास्त्रज्ञ पुढच्या वर्षांचा तक्ता मांडतात. एखादी नोंद चुकली, की दहा वर्षांनंतरचा आकडा कुठच्या कुठे जातो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता परिषदेने २००२ साली असाच तक्ता मांडला होता. २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लागणग्रस्त असतील, असे त्यात म्हटले होते. तसे घडले नाही. का?

एक तर मुद्दलच चुकली होती. सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या रक्तनमुन्यांवर साऱ्या देशाचा अंदाज बेतला जाई. एका शाखेच्या थकबाकीवरून सगळ्या बँकेचा ताळेबंद मांडावा, तसेच हे. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. त्यानंतर, २००७ साली, राष्ट्रसंघाच्या संस्थेचा ५७ लाखांचा अंदाज खाली येऊन सुमारे २५ लाखांवर स्थिरावला.

पण दरही खाली आला, आणि तो आपोआप आला नाही. सांगलीत 'संग्राम' संस्थेसोबत वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच निरोधाचा प्रचार हाती घेतला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी औषधे मोफत मिळू लागली. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू नगण्य झाला, की शरीरसंबंधातून लागण पुढे जात नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंधही ठरला.

'उगाच घाबरवले' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. असेच चालू राहिले तर, ही प्रत्येक भाकिताची अट असते. माणसांनी चालू दिले नाही, म्हणूनही ते चुकते.

हिशेब अजून मिटलेला नाही. २०२१च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लागणग्रस्त होते. त्यांतले ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. त्या एका वर्षात सुमारे ६३ हजार नव्या लागणी झाल्या. भेदभावाला मनाई करणारा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण तपासणीला येणारा माणूस कायदा वाचून येत नाही. आपला कागद समोरचा हातात घेईल का, एवढेच तो पाहतो. घेणार नसेल, तर तो घरीच थांबतो. औषधही थांबते आणि दर वर चढतो.

त्या दिवशी माझ्या शाखेतही तो दर थोडा वर चढला होता. त्या नोंदीवर सही माझी होती.