‘माले आवडस’ आणि ‘मे गुस्ता’

स्पॅनिश शिकू पाहणारा खानदेशातील विद्यार्थी बहुधा इंग्रजीच्या वाटेने तिकडे जातो आणि पहिल्याच धड्यात अडखळतो. ज्याला आवडते, तो इंग्रजीत कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये कर्तेपद आवडलेल्या वस्तूकडे जाते. ‘मे गुस्ता एल बानानो’ म्हणजे मला केळे आवडते. केळी अनेक झाली की ‘मे गुस्तान लोस बानानोस’. ‘मे’ म्हणजे मला, ‘ते’ म्हणजे तुला, ‘ले’ म्हणजे त्याला, तिला किंवा आदराने आपल्याला. ही रचना मराठी माणसाच्या तोंडी जन्मापासून आहे. ‘गुस्ता’चे मूळही संस्कृतातील ‘जुष्’ या धातूशी नाते सांगते.

अहिराणी तर येथे प्रमाण मराठीहूनही जवळची. मराठीत आंबा आवडतो आणि कैरी आवडते. अहिराणीत मात्र ‘माले आंबा आवडस’ आणि ‘माले कैरी आवडस’. लिंग बदलले तरी क्रियापद तेच, अनेकवचनी ‘आवडतस’. स्पॅनिशचा नियम नेमका असाच आहे. धुळ्याकडची मुले आजीची जी बोली शाळेत लपवतात, तीच या धड्याची किल्ली ठरावी, ही गंमत नव्हे काय? सावध राहायचे ते ‘एल’, ‘ला’ या उपपदांबाबत. मराठीत ती नसल्याने हमखास गळतात.

हवामानाचे वाक्य त्याहून सोपे. ‘आसे कालोर’, म्हणजे उकडते. ‘आसे फ्रीओ’, थंडी आहे. ‘युएबे’, पाऊस पडतो. ‘आसे’चा मूळ अर्थ ‘करते’ असा. पण करणारा कोण, हे विचारायचे नाही. मराठी व्याकरणातील भावकर्तृक क्रियापदांनाही, ‘उजाडते’, ‘गडगडते’ यांना, वेगळा कर्ता कोठे असतो? जळगावच्या मे महिन्यासाठी ‘आसे मुचो कालोर’ म्हणावे, म्हणजे फार उकडते.

व्यापारी घरांना याचे अगत्य आहे. केळीच्या निर्यातीत जगात आघाडीवर असलेल्या इक्वेडोरची भाषा स्पॅनिश आहे आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिकडच्या पाहुण्याशी बोलण्याचा प्रसंग आलाच, तर स्वतःला उकडते हे सांगताना ‘तेंगो कालोर’, म्हणजे ‘मजजवळ उष्मा आहे’, असे म्हणावे. ‘मी गरम आहे’ असे शब्दशः भाषांतर तिकडे अशिष्ट अर्थाने घेतले जाते.