शाळेचा उत्पादनखर्च कोण काढणार?



कापसाचा, तुरीचा, सोयाबीनचा उत्पादनखर्च काढायला आपण शिकलो. बियाणे, खत, फवारणी, मजुरी मांडली. मग घरच्या माणसांची मेहनत, जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही मांडले. सरकार म्हणते ए-2 अधिक घरची मजुरी एवढेच धरा. आपण म्हणतो सी-2 धरा. या फरकात शेतकऱ्याचे घर बसते किंवा उभे राहते. तीच वही आता गावच्या शाळेसमोर उघडायची आहे.

काही कार्यकर्ते विचारतील, आपण भावासाठी लढणारी माणसे, शाळेचे आपल्याला काय? 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते, की सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. एका खिशातून भाव काढून घेतला आणि दुसऱ्या खिशातून पोराची शाळा काढून घेतली, तर लूट एकच आहे.

आधी रक्कम, मग काम

पोहरादेवीत नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सेवालाल महाराजांच्या भूमीत ते झाले याचा आनंदच आहे. पण सरकारी बांधकामाचे अंदाजपत्रक कसे होते ते आठवा. आधी काय उभारायचे ते ठरते, मग मापे, मग दरसूची, आणि सगळ्यात शेवटी रक्कम.

तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचे नेमके उलटे. आधी वर रक्कम ठरते. मग तेवढ्यात काय बसेल ते गुरुजींनी बघायचे. शाळेला किती पैसे मिळतात हे पंचायत समितीत विचारले तर कागद निघतो. किती लागतात हे विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषात 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान 10,000 रुपये आणि 31 ते 100 पटाला 25,000 रुपये. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. म्हणजे 30 पोरांच्या शाळेला उरले 9,000. महिन्याचे 750. त्यातच वीजबिल, खडू, हजेरीची पुस्तके, पाण्याच्या टाकीची तोटी, पावसात गळणाऱ्या छपराची डागडुजी. पट 31 चा 30 झाला की 15,000 रुपये गेले. छप्पर मात्र तेवढेच राहिले.

आता पोषण आहार. 1 मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोजचा साहित्यखर्च 6 रुपये 78 पैसे धरला. धान्य वेगळे मिळते. या रकमेत 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल, मसाला आणि सरपण किंवा गॅस. 30 पोरांचे दिवसाचे 203 रुपये 40 पैसे. त्यात 600 ग्रॅम डाळ, दीड किलो भाजी, 150 ग्रॅम तेल आणायचे आणि चूलही पेटवायची. मायबहिणींनो, हा हिशेब तुम्हीच आपल्या बाजारभावाने घरी मांडून बघा. स्वयंपाक करणाऱ्या बाईला केंद्राच्या निकषाप्रमाणे महिन्याला 1,000 रुपये, वर्षातले दहाच महिने. हा आकडा 2009 पासून हललेला नाही. राज्य त्यात भर घालते, पण मूळ हिशेबात तिच्या कष्टाची किंमत ही एवढी. घरची मजुरी शून्य धरण्याची ही जुनीच खोड आहे.

फसवा भागाकार

सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. अशा शाळा राज्यात 14 हजारांहून जास्त. युक्तिवाद असा, की एका मुलामागे खर्च फार येतो.

हा भागाकार मुळातच फसवा आहे. समजा दोन शिक्षकांचा वर्षाचा पगार 12 लाख. पट 12 असेल तर मुलामागे एक लाख. पट 40 असेल तर 30,000. म्हणून 12 पोरांची शाळा उधळी ठरली काय? विहिरीला खर्च खोलीप्रमाणे येतो, ओलिताच्या एकरांप्रमाणे नाही. एकरावर भागाकार केला तर एक एकरवाला नेहमीच उधळा दिसणार. तसा शिक्षक वर्गाला लागतो. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिले आहे.

आणि शाळा बंद केली तर खर्च वाचतो कुठे? तो सरकारच्या वहीतून बापाच्या वहीत जातो. समजा दहा पोरांना ऑटोने दुसऱ्या गावी पाठवले, मुलामागे महिना 600 रुपये. दहा महिन्यांचे झाले 60,000. नाल्याला पूर आला की शाळा बुडाली. सोबत जाणाऱ्या आईची मजुरी बुडाली. पोरगी मोठी झाली की तिचे नावच कटले. हे सगळे धरले की ए-2 चे सी-2 होते.

फिरत्या माणसांचे वजन

आपल्या भागातले तांडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला, बांधकामावर निघतात. शाळांची सरकारी माहिती 30 सप्टेंबरच्या पटावर भरली जाते. गाड्या भरतात त्याच्या पुढे. कागदावर 30 पोरे, पौषात वर्गात निम्मी. राहिलेल्यांच्या वसतिगृहाचा, परतलेल्यांच्या बुडालेल्या अभ्यासाचा, आणि घरी गोरबोली बोलणाऱ्या पोराला मराठी पुस्तकापर्यंत आणण्याचा खर्च त्या पटातून दिसतच नाही.

हे मोजता येत नाही असे कोणी म्हणेल तर त्याला नेदरलँड्सचे उदाहरण द्या. तिथे 1985 पासून शाळेचा पैसा ठरवताना मुलांना वजन दिले. साधे मूल 1. कमी शिकलेल्या आईबापाचे 1.25, कालव्यांवर बोटीत फिरणाऱ्या घरचे 1.40, चाकांवरच्या घरात राहणाऱ्या भटक्यांचे 1.70, परदेशातून आलेल्या गरीब घरचे 1.90. पुढे ही पद्धत बदलली, पण फिरत्या माणसाच्या पोराला जास्त खर्च लागतो हे त्यांनी आकड्यात लिहून ठेवले. आपल्याकडे लमाणाच्या पोराचे वजन किती?

हिशेब करायचा कायदा आहे

आपल्याकडे हिशेब करणारी माणसे नव्हती असे नाही. तापस मजुमदार समितीने 1999 मध्ये देशभरच्या प्राथमिक शिक्षणाला दहा वर्षांत जादा 1,36,822 कोटी रुपये लागतील असे मांडले होते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 7 ने अंमलबजावणीच्या खर्चाचे अंदाज तयार करण्याचे काम केंद्रावर टाकले. कलम 12 प्रमाणे खासगी शाळेतल्या 25 टक्के जागांसाठी राज्याने मुलामागचा खर्च ठरवला. तो काही वर्षे 17,670 रुपये होता, आणि 2020-21 साठी 8,000 वर आणला. पण हा आकडा सरकारने *केलेल्या* खर्चाचा. लागणाऱ्या खर्चाचा नव्हे. अर्धपोटी माणूस जेवढे खातो तेवढीच त्याची भूक, असे म्हणण्यासारखे हे झाले.

कोणी म्हणेल, गुरुजींना भरपूर पगार आहे तरी पोरांना वाचता येत नाही, मग आणखी पैसा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण लागणारे सगळे दिले असेल तरच जाब विचारता येतो. अर्धे बियाणे देऊन पूर्ण पीक मागणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आता आपले काम

कलम 22 वाचा. शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा, आणि तोच अनुदानाचा आधार धरायचा, असे कायदा सांगतो. या समितीत तीन चतुर्थांश आईबाप आणि निम्म्या बाया असतात. म्हणजे लेखणी आपल्याच हातात आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने, प्रत्येक तांड्याने आपल्या शाळेचा एक कागद आणावा. डावीकडे मिळालेली रक्कम, उजवीकडे लागणारी. शिक्षक, छप्पर, पाणी, जेवण, स्वयंपाकीण, ये-जा, हंगामी वसतिगृह आणि गोरबोली जाणणारा माणूस, सगळे बाजारभावाने. समितीचा ठराव आणि सह्या सोबत. डिसेंबरअखेर हे सगळे कागद जिल्हा परिषदेत एकाच दिवशी दाखल करू आणि पोच घेऊ. फरक किती आहे ते मग सरकारलाच सांगावे लागेल.