क्वारंटाईन टँक नसेल तर समुद्री मासे विकू नका



साताऱ्यात काय, सांगलीत काय, 'निमो आहे का?' असं विचारणारं गिऱ्हाईक आता दुकानात येतं. गप्पी-मोलीपेक्षा समुद्री माशात मार्जिन जास्त दिसतं, म्हणून बरेच जण या लाईनमध्ये उतरायचं म्हणतात. जरूर उतरा. पण माझं मत स्पष्ट आहे: शोचा टँक नंतर घ्या, क्वारंटाईनचा आधी घ्या.

कारण बघा. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं ते मरीन ड्राईव्हवर, समुद्राला लागून. आपला समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. आपण आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार धरून खारं पाणी बनवतो. मासा रात्रभर पिशवीत बसून येतो. असा दमलेला मासा रोगाला लवकर बळी पडतो.

सगळ्यात जास्त त्रास पांढऱ्या ठिपक्यांचा, म्हणजे मरीन इचचा. हा परजीवी काही दिवस माशाच्या अंगावर राहतो, मग गळून वाळूत, दगडावर कोष करतो. ठिपके गेले की दुकानदार म्हणतो 'बरा झाला', आणि मासा विकतो. पण कोषातून नवे परजीवी बाहेर यायला काही दिवस, कधीकधी दोन महिन्यांहून जास्त लागतात. तोवर दुकानाच्या टँकमध्ये रोग तसाच असतो, आणि विकलेल्या माशाबरोबर तो गिऱ्हाईकाच्या घरीही पोचतो.

यावर कॉपरचं औषध चालतं, टेस्ट किटने रोज मोजून. पण त्याने झिंगे, गोगलगायी मरतात आणि दगड-वाळू ते शोषून घेतात. म्हणून शोच्या टँकमध्ये कॉपर टाकायचंच नाही. वेगळा साधा टँक करा: स्पंज फिल्टर, थर्मामीटर, थंडीसाठी हीटर, लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे. वाळू नाही, दगड नाही. जाळी आणि बादलीसुद्धा वेगळी. नवा मासा इथे चार ते सहा आठवडे.

नवे दगडही थेट टाकू नका. त्यांच्यासोबत ॲप्टेशिया नावाचं छोटं समुद्रफूल येतं. ब्लेडने खरवडलं तर राहिलेल्या तुकड्यांतून नवी उगवतात. पेपरमिंट झिंगा ते खातो. दगड आधी बाजूला ठेवून तपासा.

'ताई-दादा, महिनाभर भांडवल अडकतं,' असं तुम्ही म्हणाल. मग हा हिशोब करा. समजा ८०० रुपयांचे १० मासे आणले आणि ४ मेले. उरलेल्या सहांची खरेदी ८०० नाही, १,३३३ रुपयांना पडली. शिवाय विकलेला मासा आठ दिवसांत मेला तर ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि छोट्या गावात ती गोष्ट चार घरी सांगतं.

त्यामुळे क्वारंटाईनचा खर्च माशाच्या किमतीत धरा आणि गिऱ्हाईकाला ते उघड सांगा. विकण्याआधी मासा त्याच्यासमोर खाताना दाखवा. थोडी जास्त किंमत तो आनंदाने देईल.

तुमच्या दुकानात नवा मासा किती दिवस वेगळा ठेवता? कमेंटमध्ये नक्की सांगा.