दाटी कोणाची आणि आक्षेप कोणाचा?

मुंबई शहराच्या २०३४ सालापर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला आणि शहरभर एकच गिल्ला उठला. कित्येक स्थानकांभोवती आठपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देण्याचा विचार त्यात होता. हजारो हरकती आल्या, एप्रिलमध्ये तो मसुदा रद्द झाला व सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. जेथे पाणी अपुरे आणि मोकळी जागा माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर, तेथे मजल्यावर मजले चढविण्यास नागरिकांनी हरकत घेतली, यात गैर काहीच नाही.

परंतु या तक्रारींच्या गलक्यात दुसरा एक सूर आम्हांस स्पष्ट ऐकू येतो. 'आमच्या वस्तीत गर्दी होईल' असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मनात 'ते लोक येतील' ही भीती असते. २०११ च्या जनगणनेत या शहराची चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपड्यांत होती. वरळी, नायगाव व डिलाईल रोड येथील बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. त्यांतील एका खोलीचे क्षेत्र १६० चौरस फूट! शौचकूप मजल्यावर सामाईक. आपल्या समाजाच्या पिढ्यान् पिढ्या त्या खोल्यांत जन्मल्या, शिकल्या आणि तेथूनच त्यांच्या अंत्ययात्रा निघाल्या. स्वतः बाबासाहेबांनी परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत कित्येक वर्षे संसार केला. त्या काळी दाटीची चिंता कोणी वाहिली?

दाटी दोन प्रकारची असते, एक जमिनीवरची आणि दुसरी खोलीतली. पहिलीचा गवगवा फार होतो. दुसरी माणूस मुकाट्याने सोशीत राहतो. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. इमारती चाळीस मजली आहेत, म्हणजे जमिनीवरची दाटी वाढली. पण मुलीला अभ्यासाला स्वतंत्र कोपरा मिळाला व शौचकूप घरात आला. उंच इमारतीस आमचा सरसकट विरोध नाही, तो यामुळेच.

विरोध आहे तो निराळ्या गोष्टीस. रस्ते व रेल्वे यांच्या कामी ज्यांची घरे गेली, त्यांना गोवंडी-मानखुर्दच्या बाजूस लल्लूभाई व नटवर पारेख या वसाहतींत नेऊन घालण्यात आले. तेथील इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जेथे ऊन व वारा पोहोचत नाही तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. जवळच्याच, अधिक अंतर राखून बांधलेल्या वसाहतीत ते पुष्कळ कमी होते. झोपडीतून पक्क्या घरात आणले, आणि त्या घरातच माणूस खोकू लागला!

हे आपोआप घडले नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत दर हेक्टरी किमान ५०० गाळे बसविण्याची अट होती. २०३४ च्या नियमावलीत ती ६५० वर गेली. किमान किती कोंबावयाचे याचा आकडा कायद्यात स्वच्छ लिहिलेला आहे. गरिबांची घरे जमिनीच्या लहानशा तुकड्यावर उरकली म्हणजे उरलेली जमीन विक्रीच्या इमारतीस मोकळी होते, हे त्यामागील साधे गणित होय. ऊन मात्र त्या गणितात कोठेच धरलेले नाही.

आराखडा मंजूर झाला म्हणजे सारे संपले, असे समजण्याचे कारण नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली त्यात वरचेवर फेरबदल होतात. त्यांची सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतीस एक महिन्याची मुदत असते. मलबार हिलच्या सोसायट्यांस ती तारीख पाठ असते. आपल्या वस्तीतील सुशिक्षित तरुणांनी ती सूचना विहारात व चाळीच्या चौकात मोठ्याने वाचून दाखवावी, 'चटईक्षेत्र' म्हणजे काय हे बायाबापड्यांस साध्या शब्दांत सांगावे व लेखी हरकत द्यावी. त्या हरकतीत गर्दीविषयी मोघम तक्रार नको. दोन इमारतींमध्ये किती अंतर, तळमजल्यावर किती तास ऊन, उद्वाहकाचा मासिक खर्च कोणी सोसावयाचा आणि विक्रीच्या इमारतीस तेच अंतर का अधिक, एवढे चार प्रश्न विचारावे आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नये.