सोयाबीन व हाडांची बळकटी

सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी तालुक्यांत सोयाबीन हें आतां खरिपाचें प्रमुख नगदी पीक झालें आहे. महसुली नोकरींत पीकपाहणीचे तक्ते भरतांना उडीद-मुगाची बरीच जागा त्यानें घेतलेली आम्ही पाहिली. याच पिकाच्या नांवावर हल्लीं उतारवयाकडे झुकणाऱ्या स्त्रियांस हाडें मजबूत करणाऱ्या म्हणून महाग भुकट्या व गोळ्या विकल्या जातात. त्यांचा विचार शेतकरी कुटुंबानें करणें अवश्य आहे.

सोयाबीनच्या दाण्यांत जेनिस्टीन, डेडझीन इत्यादि आयसोफ्लेव्होन वर्गांतील द्रव्यें असतात. त्यांची घडण स्त्रीशरीरांतील इस्ट्रोजेन या रसाशीं मिळतीजुळती आहे. पाळी बंद झाल्यावर हा रस कमी होतो व हाडें भरून निघण्यापेक्षां झिजतात अधिक. ती उणीव सोयाबीन भरून काढील, असा तर्क निघाला. तर्क सुसंगत खरा. परंतु पुराव्यास तो पुरता उतरला नाहीं. 2007 सालच्या इटलींतील प्रयोगांत रोज 54 मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दोन वर्षें दिल्यावर हाडांची घनता वाढलेली आढळली. उलट 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत रोज 200 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन दोन वर्षें देऊनही झीज थांबली नाहीं. 2012 सालीं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें हा दावा सिद्ध होत नाहीं, असाच अभिप्राय दिला.

मग सोयाबीन टाकाऊ काय? मुळींच नाहीं. शंभर भागांत सुमारें 40 भाग प्रथिनें देणारें दुसरें कडधान्य आमच्याकडे नाहीं, आणि हाडांस चुन्याबरोबर प्रथिनेंही लागतात. 1935 सालीं गांधीजींनीं वर्ध्याच्या मगनवाडींत सोयाबीनचे आहारप्रयोग केले, ते स्वस्त व सकस अन्नाच्या शोधासाठींच. आमचा जमाखर्च मात्र उलटा. दाणा सगळा बाजार समितींत जातो. तेल तेवढें डब्यांतून घरीं परत येतें. प्रथिनें व आयसोफ्लेव्होन पेंडींत राहून कोंबड्यांच्या खाद्यांत जातात, आणि तींच द्रव्यें पुढें बाटलींत भरून आम्हांस चढ्या भावानें मिळतात!

आमची सूचना इतकीच, कीं पोतीं बाजारांत घालण्यापूर्वीं दहा-वीस किलो दाणे घरांत ठेवावे. औषध लावलेलें बियाणें त्यांत मिसळूं देऊं नये. कच्चा दाणा प्रथिनांच्या पचनास अडथळा करतो. म्हणून तो उकडून, वाळवून दळावा व नऊ भाग पिठांत एक भाग मिसळावा. थायरॉइडची गोळी घेणारांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. खुद्द हाडांसाठीं तीळ, नाचणी, दूध-ताक व अंगावर ऊन यांचीच कास धरावी. शेंगाचटणीशेजारीं तिळाची चटणीही ताटांत असावी. ज्यांच्या रानांत हें पीक डोलतें, त्यांच्याच घरच्या स्त्रियांनीं त्यास मुकावें, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.