लुइजीचा चान्स

गेल्या दिवाळीत दादा, वहिनी आणि त्यांचे चिरंजीव चार दिवस आमच्याकडे पुण्याला होते. किल्ला झाला, फटाके झाले, फराळ तर झालाच झाला. तिसऱ्या दिवशी पोरांना 'बोअर' व्हायला लागलं, तेव्हा अस्मादिकांनी माळ्यावरून एक छोटा राखाडी डबा काढला. निन्टेन्डोने २०१६ साली आपल्या जुन्या एनईएस कन्सोलची तळहातावर मावेल अशी प्रतिकृती काढली होती, ती. आत ३० जुने गेम. मी २०१८ मध्ये ऑनसाइटहून परत येताना हौसेने आणला, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून तो बहुतेक काळ माळ्यावरच होता.

बॉक्समध्ये कंट्रोलर एकच यायचा. दुसरा वेगळा विकत घ्यावा लागायचा, तो मी घेतला नव्हता. म्हणून घरातला जुना नियम जाहीर केला: मेला की दुसऱ्याचा चान्स. पुतण्या बारा वर्षांचा, माझी कन्या नऊ वर्षांची. दोघांनी मान डोलावली. मी निवांत चहा घ्यायला आत गेलो.

अर्ध्या तासात आरडाओरडा. कन्येची तक्रार: "बाबा, हा मला देतच नाहीये!" पुतण्याचा बचाव मात्र एकदम टेक्निकल: "काका, मी मेलोच नाहीये ना पण!"

आणि तो खोटं बोलत नव्हता. पठ्ठ्याने डब्यावरचं रिसेट बटण शोधून काढलं होतं. ते दाबलं की गेम आहे तिथे थांबतो आणि ती जागा साठवून ठेवता येते. एका गेमला चार जागा. खड्डा आला की आधी साठवायचं, मग उडी मारायची. पडलो? रिसेट. परत खड्ड्याच्या अलीकडे. म्हणजे मारिओ पन्नास वेळा मेला आणि एकदाही मेला नाही! आमच्या टेस्टिंग टीममध्ये असता तर मी त्याला तिथल्या तिथे बढती दिली असती.

भांडण मिटवलं, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. आज तोच तुमच्या डोक्यात सोडतोय.

आधी थोडं तांत्रिक. मूळ यंत्राची मेमरी २ केबी, चित्रासाठी आणखी २ केबी, प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा आख्खा गेम ४० केबीचा. आज आत्याने फॉरवर्ड केलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो. त्यामुळे आजच्या यंत्राला त्या वेळच्या सगळ्या यंत्राची अवस्था, प्रत्येक बिटसकट, उचलून बाजूला ठेवणं हा डाव्या हातचा मळ आहे. २०१९ पासून स्विचवरच्या जुन्या एनईएस गेम्सना तर चक्क रिवाइंड आहे. सोय आहे, स्वस्त आहे, मग वापरायला काय हरकत आहे?

हरकत अशी, की त्या ४० केबीमध्ये फक्त ३२ स्टेज आहेत. न मरता खेळलं तर एका दुपारचं काम. तरी आम्हाला तो गेम वर्षानुवर्षं पुरला, कारण गेमचा खरा ऐवज त्या स्टेजमध्ये नव्हताच, तो पुन्हा पुन्हा मरण्यात होता. पहिल्याच स्टेजची सुरुवात बघा. एक गुम्बा थेट तुमच्याकडे चालत येतो. नवखा माणूस हमखास मरतो, पण त्याचं जातं काय? दहा सेकंद. मग लक्षात येतं की उडी मारायची असते. पुढे पेटीतून मशरूम निघतं, उजवीकडे जातं, पाइपवर आपटतं आणि परत आपल्याकडेच येतं. चूक कुठे करू द्यायची आणि तिची किंमत किती लावायची, हे कोणीतरी बसून ठरवलेलं आहे. रिसेट मारलं की ती किंमत शून्य होते आणि शिकवणीही शून्य. आमच्या चिरंजीवांनी दोन दिवसांत राजकन्या सोडवली. चौथ्या दिवशी 'आता रिसेट न वापरता खेळ' म्हटलं, तर दुसऱ्या स्टेजमध्येच तिन्ही लाइफ संपल्या.

आता कोणी म्हणेल, जुनं ते सोनं वाल्यांची रड आहे ही. तसं नाही बरं का. त्या काळातला सगळाच अवघडपणा पवित्र नव्हता. कितीतरी गेम मुळात नाणं टाकून खेळायच्या मशीनवरून आलेले. तिथे तुम्ही लवकर मरण्यातच मालकाचा धंदा. 'घोस्ट्स एन गोब्लिन्स'चा खरा शेवट बघायला आख्खा गेम दोनदा पुरा करावा लागतो, ही निव्वळ छळवणूक आहे. ज्यांचे हात साथ देत नाहीत, किंवा ज्यांना लेकरू झोपल्यावर जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यांनी खुशाल साठवावं. एकटे खेळत असाल तर तुमचा आणि मारिओचा खासगी मामला आहे तो.

माझं म्हणणं दोघांबद्दल आहे.

मारिओमध्ये दोन खेळाडू निवडले की एक मारिओ, दुसरा लुइजी. पण दोघं एकत्र नसतात. मारिओ मेला की लुइजीचा नंबर. म्हणजे त्या गेममध्ये मरण ही फक्त शिक्षा नाही, ते वाटून घेण्याचं तंत्र आहे! मारिओ मेलाच नाही, तर लुइजी आयुष्यभर काळ्या पडद्यामागे उभा. आमच्या हॉलमध्ये नेमकं तेच झालं होतं.

आणि मी जन्मजात लुइजी आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे नकली 'व्हिडिओ गेम' होता. ९९९९ इन १ची कॅसेट, फुंकर मारून घालायची, अडॅप्टर इस्त्रीसारखा तापायचा. दुसरा कंट्रोलर पहिल्या महिन्यातच गेला, म्हणून तो नियम. दादा मरेपर्यंत मी बसून राहायचो. पण बसून काय करायचो? बघायचो. चौथ्या वर्ल्डच्या शेवटच्या किल्ल्यात चुकीच्या वाटेने गेलं की परत तेच दृश्य येतं. खेळणाऱ्याला घाईत ते कळत नाही, बघणाऱ्याला कळतं. "दादा, आपण मघाशी इथेच होतो," हे मी ओरडलो होतो. वाट त्यानंतर सापडली. ती सापडवली कोणी, यावर आमचं आजही एकमत नाही. असो.

हल्ली आमचे फोन म्हणजे आईचे रिपोर्ट, गावच्या घराची घरपट्टी आणि 'बाकी काय'. त्या रात्री पोरं झोपल्यावर दादा हॉलमध्ये आला आणि काही न बोलता टीव्हीसमोर मांडी घालून बसला. वायर जेमतेम अडीच फुटांची, त्यामुळे डब्याला चिकटूनच बसावं लागतं. दोघांच्याही गुडघ्यांनी निषेध नोंदवला. पहिल्या स्टेजच्या पहिल्याच खड्ड्यात दादा पडला. रिसेट बटण त्याच्या हातापासून वीतभरावर होतं. त्याने कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "घे. आणि त्या पाइपवरून सावकाश जा."

दीड वाजला झोपायला. मधल्या वेळात आईच्या ऑपरेशनबद्दल जे महिनाभर फोनवर बोलणं होत नव्हतं, तेही बोलून झालं, कारण एकाचा चान्स चालू असताना दुसऱ्याकडे बोलायला वेळच वेळ होता.

तर आमच्या घरचा सुधारित नियम: रिसेट फक्त गेम बदलायला. माझं ऐकाल तर या वीकान्ताला कोणालातरी शेजारी बसवा, कंट्रोलर एकच ठेवा आणि प्रामाणिकपणे मरा. :-)

दुसरा कंट्रोलर घ्यायचा विचार मी तूर्त रद्द केला आहे.